अबोल्याचा प्रबंध

साडूने दारावरची पाटी बदलली आणि आमच्या प्राध्यापकांची झोप उडाली. पाटी पितळी होती, नावाआधी ‘डॉ.’ होतं, आणि ते ‘डॉ.’ नावापेक्षा अंमळ मोठं कोरलेलं होतं. साडूची पीएचडी मेंढ्यांच्या रवंथावर. मेंढ्या रवंथ करतात हे मेंढ्यांनाही ठाऊक आहे, त्यात संशोधन ते कसलं, असं प्राध्यापक घरी परतताना वाटभर पुटपुटत होते. शेवटी बायको कंटाळून म्हणाली, "अहो, मग तुम्हीही करा की! मानसशास्त्र शिकवता ना इतकी वर्षं?"

तिला वाटलं, आपण विषय संपवला.

प्राध्यापक एका कॉलेजात मानसशास्त्र शिकवत. म्हणजे दरवर्षी त्याच पिवळ्या पडलेल्या टिपणांतून त्याच जागी तोच विनोद करत. विनोदावर मुलं हसत नसत, पण वही बंद करत, कारण त्यानंतर तास संपतो हे त्यांना माहीत झालं होतं. अशा माणसाने एकदम ‘मी विद्यापीठात नाव नोंदवतोय’ म्हटल्यावर इमारतीत खळबळ उडाली. आपल्याकडे आजारपण, घरदुरुस्ती आणि पीएचडी या तीन बाबतींत सल्ला द्यायला अनुभवाची अट नाही.

वरच्या मजल्यावरचे निवृत्त बँक मॅनेजर जिन्यातच गाठून म्हणाले, "सर, पीएचडीला तीन गोष्टी लागतात. गाईड, गाईडची मर्जी आणि गाईडच्या घरची भाजी आणायची तयारी. अभ्यासाचं नंतर बघता येतं." समोरच्या काकूंनी त्यांच्या मावसदिराचं उदाहरण दिलं. तो म्हणे वाचून वाचून इतका खंगला, की पदवी घ्यायला गेला तर कोणी ओळखेना. सोसायटीच्या सेक्रेटरींना वेगळीच चिंता होती.

"संशोधन कुठे करणार? घरात?"

"हो."

"मग परवानगी लागेल. राहत्या जागेत व्यवसाय चालत नाही."

"हा व्यवसाय नाही हो."

"मग काय, छंद आहे?"

पुढे अनेक महिने हा प्रश्न प्राध्यापकांना आंघोळ करताना आठवत असे.

गाईड मिळाल्या त्या विद्यापीठातल्या एक ज्येष्ठ मॅडम. त्यांच्या खोलीत जुने प्रबंध छतापर्यंत रचलेले होते आणि मधल्या फटीतून मॅडम बोलत. प्राध्यापकांनी एकेक विषय पुढे केला. परीक्षेची भीती? झालेलं आहे. मुलांची एकाग्रता? झालेलं आहे, तो पाहा, खिडकीला टेकू दिलाय तो. मोबाईलचं व्यसन? त्यावर तर रांग आहे. प्राध्यापक निघायला उठले आणि नुसतं जाता जाता म्हणाले, "आज उशीर झाला त्याबद्दल माफ करा. आमच्या शेजारचे दातांचे डॉक्टर आणि त्यांची बायको एकमेकांशी बोलत नाहीयेत. दोघं मला जिन्यात उभं करून एकमेकांना निरोप देत होते."

प्रबंधांच्या फटीत हालचाल झाली. "अबोला!" मॅडम म्हणाल्या. "यावर कोणी काम केलेलं नाही."

"का बरं?"

"माहिती मिळत नाही. कोणी बोलतच नाही ना!"

अशा रीतीने विषय ठरला. ‘अबोला’ हा शब्द विद्यापीठाला झेपण्यासारखा नव्हता, म्हणून शीर्षकात ‘विवाहित दांपत्यांमधील ऐच्छिक मौन: स्वरूप व टप्पे’ असं लिहिलं. आता फक्त विभागप्रमुखांची सही राहिली.

"आपण त्यांना जरा फोन केलात तर..." प्राध्यापक म्हणाले.

"आम्ही बोलत नाही," मॅडम म्हणाल्या.

प्रयोगशाळेतल्या एका कपाटाची किल्ली कोणाकडे असावी यावरून ते बिनसलं होतं. कपाटात काय आहे ते दोघांनाही आठवत नव्हतं. विभागप्रमुख खालच्या मजल्यावर बसत. ते शीर्षक वाचून म्हणाले, "त्यांना सांगा, ‘टप्पे’ काढा." प्राध्यापक वर गेले. मॅडम म्हणाल्या, "त्यांना सांगा, टप्पे राहतील." प्राध्यापक खाली आले. गुडघे बोलायला लागल्यावर प्राध्यापकांनी आयुष्यातलं पहिलं मुत्सद्दी पाऊल उचललं. त्यांनी दोन प्रती केल्या, एकीत टप्पे ठेवले, एकीत काढले, आणि दोघांनाही सांगितलं की समोरच्याने माघार घेतली. दोघंही इतके खूश झाले, की सही करताना शीर्षक कोणी वाचलंच नाही. त्या आनंदाच्या भरात प्राध्यापक मॅडमना म्हणाले, "हेही उदाहरण प्रबंधात घेता येईल का?"

"आम्ही दांपत्य आहोत का?" मॅडमनी विचारलं. ज्या आवाजात विचारलं, त्यावरून प्राध्यापकांनी तो विषय तिथेच सोडला.

मग नीतिमत्ता समिती आली. माणसांवर संशोधन करायचं तर या समितीची मान्यता लागते. समितीचे अध्यक्ष तत्त्वज्ञान शिकवत, त्यामुळे त्यांना कुठल्याही गोष्टीत अडचण दिसू शकत असे.

"नवरा-बायको दोघांची लेखी संमती हवी," ते म्हणाले. "एकाच कागदावर, एकमेकांसमोर, आपसात चर्चा करून."

"सर, पण त्यांचा अबोला असणार."

"असू दे की."

"म्हणजे ते चर्चा कशी करणार? आणि केली, तर अबोला मोडला. मग मी अभ्यास कशाचा करणार?"

अध्यक्षांनी डोळे मिटले. बराच वेळ मिटले. "फार सुंदर प्रश्न आहे," ते म्हणाले, आणि नियम तसाच ठेवला.

तरीही प्राध्यापक डगमगले नाहीत. हातात प्रश्नावली, खिशात दोन पेनं, गळ्यात विद्यापीठाचं ओळखपत्र, अशा थाटात ते पहिल्या जोडप्याकडे गेले. तळमजल्यावरचा विमा एजंट आणि त्याची बायको. दोघं सोफ्याच्या दोन टोकांना बसले आणि मध्ये प्राध्यापकांना बसवलं.

"प्रश्न पहिला. मौनाची सुरुवात कोणी केली?"

"सर, यांना म्हणावं, खरं ते सांगा," बायको म्हणाली.

"सर, हिला सांगा, मी कायम खरंच सांगतो," एजंट म्हणाला.

"सर, यांना विचारा, मग माझ्या आईला विमानतळावर आणायला का नाही गेलात?"

"सर, तिला सांगा, विमान आदल्या दिवशी आलं होतं!"

प्राध्यापकांची मान या टोकाकडून त्या टोकाकडे फिरून अवघडली. उत्तरं लिहायची कुठल्या रकान्यात ते कळेना, म्हणून ते म्हणाले, "जरा सावकाश. म्हणजे तुमच्या सासूबाई एक रात्र विमानतळावर होत्या? बाकावर?" एवढं बोलून त्यांना हसू आलं. मानसशास्त्रज्ञाने हसू नये असं पहिल्याच धड्यात असतं, पण सासूबाई बाकावर बॅगेला मिठी मारून बसल्याचं चित्र त्यांच्या डोळ्यांसमोर उभं राहिलं.

"माझी आई बाकावर होती त्यात हसण्यासारखं काय आहे?" बायको कडाडली.

"खरंच, सर," एजंट म्हणाला, "तुम्हाला शोभत नाही हे. ऐकलंस का गं, हे हसतायत!"

"ऐकलं ना! शिकलेली माणसं अशी!"

दोघांनी मिळून प्राध्यापकांना दाराबाहेर काढलं. दार लागल्यावर आतून दोघांचं एकमेकांशी बोलणं ऐकू आलं, हसणंही ऐकू आलं. पहिलं जोडपं बाद झालं.

ही बातमी जिन्याने वर चढली. समोरच्या काकू म्हणाल्या, "सरांच्या हाताला गुण आहे." मग काय विचारता! कोणाचं बिनसलं, की प्राध्यापकांना बोलावणं यायला लागलं. "सर, जरा येऊन बसता का तेवढं?" लोक त्यांना बसवायचे, त्यांच्यामार्फत एकमेकांना टोमणे मारायचे, मग दोघं मिळून त्यांच्यावर उखडायचे आणि गोडीने चहा प्यायचे. नळ दुरुस्त करणाऱ्याला देतात तसा एक कप त्यांनाही मिळे, कान तुटलेला. इमारतीत इतकं प्रेम नांदायला लागलं, की संशोधनाला माणूस मिळेना.

दातांच्या डॉक्टरांवर शेवटची आशा होती. त्यांचा अबोला जुना, मुरलेला होता. पण तिथेही बर्फ वितळण्याची चिन्हं दिसू लागली, तेव्हा प्राध्यापक त्यांच्या दवाखान्यात जाऊन हात जोडून म्हणाले, "डॉक्टर, मोडू नका हो. निदान गुरुवारपर्यंत कळ काढा. माझे शेवटचे दोन टप्पे राहिलेत."

डॉक्टरांच्या हातात कोणाचा तरी दात होता. तो तसाच धरून ते म्हणाले, "सर, तुम्ही माणूस आहात का कोण?"

संध्याकाळी डॉक्टरांनी हा किस्सा बायकोला सांगितला. सांगायचा मोह त्यांना आवरला नाही. तोही अबोला गेला. मॅडमनी निर्वाणीचं सांगितलं, की सुरुवातीपासून शेवटपर्यंत टिकलेला एक तरी अबोला प्रबंधात नसेल तर नोंदणी रद्द होईल. साडूच्या पाटीवरचं ‘डॉ.’ प्राध्यापकांना डोळे मिटले की दिसू लागलं.

आता या सगळ्या धावपळीत त्यांच्या स्वतःच्या घरात काय चाललं होतं, ते सांगायला हवं. त्यांची बायको गाडी चालवायला शिकत होती. लपूनछपून नाही, त्यांच्या डोळ्यांसमोर. आधी एकदा परीक्षेत नापास झाली होती, तेव्हा रडलीही होती. ज्या दिवशी पास झाली त्या दिवशी ती जिना चढून धावत आली. प्राध्यापक टेबलावर दातांच्या डॉक्टरांच्या नोंदी लावत बसले होते.

"अहो, मी पास झाले!"

"हं."

"परीक्षकाने उतारावर गाडी उलटी लावायला सांगितली. लावली मी!"

"छान."

ती थोडा वेळ उभी राहिली. मग म्हणाली, "येताना एका माणसाला उडवलं."

"वा."

"मेला तो."

"उत्तम. जाताना तेवढं दार ओढून घे, कागद उडतायत."

तिने दार ओढून घेतलं. मग घरोघर जाऊन मिठाई वाटली आणि हा संवाद जसाच्या तसा सगळ्यांना सांगितला. इमारतीत प्रत्येकाला कळलं, की सरांच्या घरी आजपासून अबोला आहे आणि का आहे. कळलं नाही ते एका सरांना.

त्यांना एवढंच जाणवलं, की हल्ली घरात काम चांगलं होतं. त्याचं श्रेय त्यांनी खिडकीच्या नव्या काचेला दिलं आणि काचवाल्याला मुद्दाम फोन करून शाबासकी दिली. एकदा आप्पा, म्हणजे प्राध्यापकांचे वडील, टेबलाशी येऊन उभे राहिले. आप्पांची सारी नोकरी कोर्टात कारकुनी करण्यात गेली होती आणि भाषा तिथलीच राहिली होती.

"सूनबाईंचं म्हणणं असं आहे," आप्पा म्हणाले, "की गॅस संपत आला असून सदर बाब तुझ्या निदर्शनास आणावी."

"मग तीच का नाही सांगत?"

"ती तुझ्याशी बोलत नाही."

"कधीपासून?"

आप्पांनी चष्मा काढला. "अरे, तुझाच विषय ना हा? मला वाटलं, तू अभ्यास करतोयस."

प्राध्यापक हळूहळू उठले. त्यांच्या चेहऱ्यावर आधी आश्चर्य आलं आणि मग, सांगायला लाज वाटते, पण आनंद आला. तोही साधासुधा नाही, लॉटरी लागल्यासारखा. अख्खा गाव पालथा घातला आणि जे हवं ते स्वयंपाकघरात निघालं!

"आप्पा, हिला सांगा, बोलायचं नाही!"

"घराला आग लागली आहे," आप्पा म्हणाले, "आणि तू हात शेकतोयस. तिला कारण तरी विचार."

"विचारलं तर ती बोलेल ना, आप्पा! मग सगळंच मुसळ केरात."

समितीच्या नियमाप्रमाणे त्यांनी संमतीचा कागद आणला, आपली सही केली आणि तो जेवणाच्या टेबलावर बायकोसमोर सरकवला. तिने तो पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला, त्यांच्या हातातलं पेन घेतलं, सही केली आणि पेन स्वतःच्या पर्समध्ये टाकलं. ‘जोडपे क्रमांक सात’ प्रबंधात दाखल झालं.

नोंदी तर काय सुरेख होऊ लागल्या! ‘आज आमटीत मीठ नव्हते’ असं लिहून थांबतील तर ते प्राध्यापक कसले. त्यांनी आप्पांच्या वाटीत बोट बुडवून पाहिलं. तिथे मीठ होतं. ‘पत्नीचा रोष व्यक्तिनिष्ठ असून कुटुंबातील ज्येष्ठांना त्यातून सूट आहे,’ असा निष्कर्ष त्यांनी काढला. मॅडम नोंदी वाचून इतक्या खूश झाल्या, की त्यांनी एक प्रबंध उचलून बसायला जागा करून दिली. "हे जोडपं कुठे सापडलं हो तुम्हाला? नवरा कसला दगड आहे!" त्या म्हणाल्या. प्राध्यापक म्हणाले, "ओळख गुप्त ठेवायची असते, मॅडम."

शेजारी आपापल्या परीने सुचवत होतेच. निवृत्त मॅनेजर म्हणाले, "सर, बायकोशी बोलता का अधूनमधून? चांगलं असतं ते. रक्तदाबाला." विमा एजंट बायकोला घेऊन आला आणि म्हणाला, "आम्ही दोघं येऊन मध्ये बसू का?" समोरच्या काकू तर सरळच म्हणाल्या, "अहो, विचारा तिला जाऊन!" प्राध्यापक सगळ्यांना सांगत, की तुम्हाला संशोधन कशाशी खातात ते कळायचं नाही. काकू म्हणाल्या, "कळतंय, मिठाशिवाय खातात."

एक मात्र खरं. प्राध्यापक हल्ली स्वयंपाकघराच्या दाराशी खुर्ची घेऊन बसायला लागले होते. बायको बहिणीशी फोनवर बोलायला लागली, की ते पेन हातात धरून ऐकत. नोंद करायला म्हणून बसत, पण कागद कोराच राहायचा. कोणाच्या घरी काय झालं, कोणता दुकानदार उद्धट आहे, पायाची करंगळी कशी ठणकतेय, असलं काहीबाही ती बहिणीला सांगायची. हे सगळं एकेकाळी त्यांना सांगत होती आणि ते ‘हं’ म्हणत होते. त्यांना तिच्या आवाजाची आठवण यायला लागली होती, आणि आवाज तर दारापलीकडेच होता. ही भावना कुठल्या टप्प्यात घालावी ते त्यांना कळेना.

एका संध्याकाळी वीज गेली. आप्पा फिरायला गेले होते. अंधारात दोघं समोरासमोर बसून राहिले. बऱ्याच वेळाने बायकोने खुर्ची थोडी पुढे ओढली आणि म्हणाली, "अहो—"

प्राध्यापकांच्या काळजात हललं. पण काळजाच्या आधी त्यांचा हात वर गेला. "थांब, थांब!" ते कुजबुजले. "इतक्यात नको गं. शेवटचं प्रकरण राहिलंय. एवढा महिना काढ."

त्याच क्षणी वीज आली. बायको त्यांच्याकडे बघत होती. राग असता तर प्राध्यापकांनी तो लिहून घेतला असता. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि पाण्यासाठी प्रश्नावलीत रकाना नव्हता. ती उठून आत गेली. प्राध्यापकांना त्या रात्री जेवण गेलं नाही. त्यांनी ‘मौन पूर्ववत’ एवढीच नोंद केली आणि ती करताना त्यांना स्वतःची किळस आली, हेही इथे सांगितलं पाहिजे.

प्रबंध मात्र पुरा झाला. काळी बांधणी, सोनेरी अक्षरं, आणि उशाखाली घेतला तर मान मोडेल इतका जाड. शेवटची तोंडी परीक्षा खुली असते, कोणीही येऊन बसू शकतं. आपल्या इमारतीला ‘कोणीही’ म्हटलं की पुरे. दातांच्या डॉक्टरांनी दवाखाना बंद ठेवला. सेक्रेटरी पहिल्या रांगेत येऊन बसले. साडूही आला. शेवटच्या रांगेत आप्पा होते आणि त्यांच्या शेजारी बायको होती. ती येईल असं प्राध्यापकांना वाटलं नव्हतं. ती आलेली पाहून पहिली काही वाक्यं त्यांनी माईकऐवजी पाण्याच्या ग्लासाशी बोलून टाकली.

परीक्षक बाहेरच्या विद्यापीठातून आलेले होते. वयोवृद्ध, किडकिडीत, आणि पहिल्यापासून डुलक्या घेत असलेले. प्राध्यापकांना धीर आला. त्यांनी टप्पे सांगितले, तक्ते दाखवले, मिठाचा निष्कर्ष सांगितला. तेव्हा सभागृह हसलं आणि त्या हसण्याने परीक्षक जागे झाले.

"प्रबंध वाचला मी," ते म्हणाले. "सगळा वाचला. जोडपं क्रमांक सात फार आवडलं. एकच शंका आहे. इथे लिहिलंय, ‘मौनाचे कारण: अज्ञात.’ असं का?"

"पतीला कारण माहीत नाही, सर."

सभागृहात कोणीतरी खोकलं. मग सगळेच खोकले.

"बरं, मग पत्नीला विचारलंत?"

"नाही, सर."

"का नाही?"

"विचारलं असतं तर ती बोलण्याची शक्यता होती."

हे वाक्य प्राध्यापकांनी मनात अनेकदा म्हटलं होतं. मनात ते शास्त्रीय वाटायचं. माईकमधून ते मोठं होऊन भिंतींवर आदळलं आणि परत आलं, तेव्हा त्यांनी ते पहिल्यांदा ऐकलं.

"म्हणजे," म्हातारे परीक्षक शांतपणे म्हणाले, "एक बाई बोलायची वाट बघत होती, आणि ती बोलू नये म्हणून तुम्ही वाट बघत होतात."

प्राध्यापकांनी शेवटच्या रांगेकडे पाहिलं. बायको मांडीवरच्या पर्सची चेन उघडत होती, लावत होती. प्राध्यापक व्यासपीठावरून खाली उतरले. माईकची तार पुरेना, तेव्हा त्यांनी ती ओढली, एक खुर्ची पाडली, साडूच्या पायावर पाय दिला आणि थेट शेवटच्या रांगेपाशी जाऊन उभे राहिले. व्यासपीठावर मॅडम किंचाळल्या, "अहो, ओळख गुप्त!" पण तोवर जोडपं क्रमांक सात सगळ्या सभागृहाला समोर दिसत होतं.

"अगं," प्राध्यापक म्हणाले, आणि त्यांचा आवाज चारही कोपऱ्यांतून घुमला, "का बोलत नाहीस तू माझ्याशी?"

बायकोने त्यांच्याकडे पाहिलं. मग माईककडे पाहिलं. मग शेजारी वळून म्हणाली, "आप्पा, यांना म्हणावं, आधी तो माईक बंद करा."

आप्पा उभे राहिले. "सदर माईक बंद करावा," ते म्हणाले.

प्राध्यापकांनी माईक बंद केला, रिकाम्या खुर्चीवर ठेवला आणि बायकोशेजारी बसले. पुढे ती काय बोलली ते कोणाला ऐकू आलं नाही. सगळ्या इमारतीने कान देऊन पाहिलं, सेक्रेटरी तर उठून तीन रांगा मागे आले, पण ती खालच्या आवाजात बोलत राहिली आणि प्राध्यापक मान खाली घालून ऐकत राहिले. एकदाही ‘हं’ म्हणाले नाहीत. परीक्षकांनी घड्याळ पाहिलं, चहा मागवला, तो प्यायले, आणि ती बोलतच होती हे पाहून आपला शेरा लिहून निघून गेले.

शेरा असा होता: ‘पदवी तूर्त राखून ठेवावी. मौनाचे कारण पत्नीच्या शब्दांत समाविष्ट करून प्रबंध पुन्हा सादर करावा.’

"दोन ओळी लिहा आणि मोकळे व्हा," मॅडम म्हणाल्या.

संध्याकाळी प्राध्यापक कोरे कागद घेऊन जेवणाच्या टेबलाशी बसले. त्यांची माफी मागून झाली होती आणि ती बायकोने ऐकूनही घेतली होती. आता फक्त ओळी लिहायच्या होत्या. "गाडीच्या परीक्षेपासून सुरू करू ना?" ते म्हणाले.

"गाडी?" बायको म्हणाली. "गाडी फार पुढे येते." तिने खुर्ची टेबलाजवळ ओढून घेतली. "लिहा. आपली पहिली भेट झाली, तेव्हा तुम्ही तासभर स्वतःबद्दल बोललात. मी काय शिकलेय ते विचारलंच नाहीत. लिहिलंत? आणि मध्ये बोलायचं नाही."

तेव्हापासून ती रोज सांगते आणि ते लिहितात. मध्ये बोलत नाहीत. कागदांचं पहिलं रीम संपलं, दुसरं आणलं. विद्यापीठाने मुदत वाढवली, ती संपली, पुन्हा वाढवली. परवा मॅडमचा फोन आला. वैतागून त्या विचारत होत्या, की कारण आलं तरी कुठवर.

"चांगलं चाललंय, मॅडम," प्राध्यापक म्हणाले. "बहुतेक पुढच्या आठवड्यात आमचं लग्न होईल."